हातभर लाल वायर

तिसऱ्या मजल्याचं दार नीट लागलं होतं, तरी लिफ्ट हलेना. लिफ्टच्या देखभालीचं काम माझ्याकडे, म्हणून खाली सोसायटीचे चेअरमन माझ्यावर ओरडत होते.

"पोरीचा साखरपुडा हाय माझ्या! पावणं काय जिन्यानं चढवू व्हय?"

लिफ्टच्या प्रत्येक दाराला एक लॉक असतं. सगळी दारं बंद असली तरच मोटर चालते. एक जरी उघडं राहिलं तर लिफ्ट जागची हलत नाही. तिसऱ्या मजल्याचं लॉक निकामी झालं होतं. नवीन दुसऱ्या दिवशी मिळणार होतं.

तपासणीपुरतं लॉक टाळायचं असेल तर आम्ही मशीनरूममधल्या पॅनेलमध्ये वायरचा तुकडा जोडतो. त्याला जंपर म्हणतात. तो असला की दार उघडं असलं तरी लिफ्ट चालते. माझा जुना मेकॅनिक रफिक. त्याचा जंपर हातभर लांब आणि लाल. लावला की पॅनेलचं झाकणच लागत नसे. विसरायची सोयच नाही.

रफिकला जुन्या गोष्टींचा नाद. लिफ्टचा ब्रेक शोधणारा माणूस भर प्रदर्शनात फळीवर उभा राहिला, वरचा दोर कापायला लावला आणि पडला नाही, ही गोष्ट त्याचीच. ती सांगून मी कितीतरी गिऱ्हाइकं पटवली. त्याची स्वतःची आवडती मात्र टायटॅनिकची. "दादा, टेहळणीवाल्यांची दुर्बीण जहाजावरच हुती म्हणं. कपाटात. किल्ली मातर आधीच उतरलेल्या सायबाच्या खिशात."

त्या दिवशी रफिक राधानगरीला दुसऱ्या कामावर होता. मी मलकापूरहून नुसता ग्रीसचा डबा घेऊन या धंद्यात आलेला माणूस. अडलेलं गिऱ्हाईक मी सोडत नाही.

"आज चालू करून देतो. शेजारच्या तुमच्या दोन्ही बिल्डिंगांचं मेंटेनन्स मला."

"दिलं की! चालू कर आधी."

लाल वायर लावली असती तर झाकण उघडं राहिलं असतं आणि चेअरमननी दहा प्रश्न विचारले असते. मी बोटभर काळा तुकडा लावला आणि झाकण बंद केलं. लिफ्ट चालू झाली. रफिकला सांगायचं होतं. पण त्याची बोलणी खायची तयारी नव्हती. फोन सकाळवर ढकलला.

सकाळी चेअरमननी मला न विचारता रफिकला परस्पर बोलावलं. दुकानातून लॉक घेऊन तो माझ्याआधी पोचला. मशीनरूममध्ये गेला. झाकण बंद, लाल वायर नाही. मेन स्विच बंद करायला हवा होता, तो त्यानं केला नाही. तिसऱ्या मजल्याचं दार उघडून त्यानं आत हात घातला. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, या भरवशावर.

खाली कुणीतरी बटण दाबलं.

उजवा हात मनगटापासून गेला.

मी चेअरमनच्या अंगावर धावून गेलो. "मला इचारल्याशिवाय बोलवलंसा कसं त्याला?"

"मेन बंद करायचा कुणी? मी? माणूस तुमचा, चूक तुमच्या माणसाची!"

चौकशीच्या साहेबांनीही तेच लिहून घेतलं. काळ्या तुकड्याचं नाव मी काढलं नाही. चेअरमनवरचा तो राग अजून माझ्या पोटात आहे. रफिकला बोलावण्याआधी मला विचारलं असतं तर मी वायरीचं सांगितलं नसतं का?

आठ दिवसांनी दवाखान्यात रफिक छताकडे बघत म्हणाला, "दादा, झाकण लागलं हुतं. मी नीट बघितलं हुतं."

"काळी वायर होती. बोटभर. मी लावलेली."

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "म्हंजे किल्ली तुमच्या खिशात हुती की."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे जाऊन सगळं लेखी दिलं. लायसन्स थांबलं. त्या दोन बिल्डिंगा दुसऱ्याकडे गेल्या. रफिकच्या नावावरचा ठपका अर्धाच पुसला गेला, कारण मेन स्विच त्यानं बंद केला नव्हता, हे खरंच होतं.

मी त्याच्या घरी जातो. चहा मिळतो. तो डाव्या हातानं कप पुढे करतो, पावसापाण्याचं बोलतो. जुन्या गोष्टी मात्र आता सांगत नाही.

या धंद्यात येणाऱ्याला एवढंच सांगतो. जंपर लांब ठेवा, लाल ठेवा. आणि लावला की सौदा नंतर करा, फोन आधी.