डब्यांसोबत गेलेलं सातवं प्रकरण

स्टीलच्या डब्यांच्या यादीऐवजी मी माझ्या कादंबरीचं सातवं प्रकरण टेम्पोतून चिपळूणला पाठवून दिलं. दोन्ही पाकिटं खाकी, दोन्हींवर अक्षर माझंच. दोष पाकिटांना द्यावा, तर ती बिचारी बोलणार कशी!

भाईंदर पूर्वेच्या आमच्या गाळ्यात दिवसभर डब्यांना पॉलिश होत असतं. ती अखंड घरघर, तो तापल्या धातूचा उग्र दर्प, आणि दुपारचं ऊन शेकडो झाकणांवर आपटून छतावर उमटणारी ती थरथरती प्रकाशाची जाळी! या साऱ्याच्या मधोमध बसून गेली एकोणीस वर्षं मी ‘डबा, नऊ नंबर, चोवीस नग’ असं लिहीत आलोय. आणि त्याच टेबलाच्या खालच्या खणात माझी नायिका मंदाकिनी खिडकीशी उभी राहून नवऱ्याची प्रतीक्षा करत आलीय. वरच्या खणात परक्यांचे संसार, खालच्या खणात माझं स्वप्न. माणसाची रचना तरी याहून निराळी कुठे असते?

टेम्पो गेल्यावर दुसऱ्या दिवशी खालचा खण उघडला. आत डब्यांची यादी शांतपणे पहुडलेली. प्रकरणाची दुसरी प्रतच नव्हती! पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, असं बायको वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, आणि मी तिला हस्तलिखिताच्या पावित्र्यावर व्याख्यानं देत होतो. पण खरं सांगायचं तर, त्या भीतीच्या तळाशी एक चोरटी हुरहूरही होती. आजवर कुणालाच न दाखवलेलं ते लेखन कुणी वाचलं तर नसेल?

तेवढ्यात फोन वाजला. चिपळूणच्या दुकानाच्या मालकीण कुसुमकाकू. इतक्या वर्षांत चेहरा कधी पाहिला नाही, ओळख केवळ आवाजाची.

“अहो, डबे मोजू कशावरून? तुमची ती मंदाकिनी तर काही सांगत नाहीय!”

“काकू, पाया पडतो, पानं तेवढी टाकू नका!”

“टाकतेय कशाला? दोनदा वाचली. पाच पानं झाली, बाई आपली खिडकीतच. तिला कुणी चहा तरी विचारा हो!”

पुढच्या फेरीला टेम्पोवाल्याने पाकीट आणून दिलं. शेवटच्या पानावर कपाच्या बुडाचा तांबूस गोल उमटला होता. मंदाकिनीला नाही, तरी तिच्या वाचकाला चहा मिळाला होता तर! त्या डागावरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत राहिलो. कुणीतरी दुकान उघडं टाकून, चहा निवू देत माझं लेखन वाचलं होतं. याहून मोठा सन्मान मी कुणाकडे मागावा?

छतावर प्रकाशाची जाळी हलत होती. धीर एकवटून मी काकूंना फोन लावला आणि विचारलं, “खरं सांगा, लिहिलंय कसं?”



“यादी मात्र तुम्ही छान लिहिता हो,” त्या म्हणाल्या. “काय आलंय ते लगेच कळतं.”