वॉरंटीचा शेवटचा दिवस

लोकांचे प्रबंध टाइप करून ताईंनी दोन मुलींना एकटीनं शिकवलं होतं. वर्षही न झालेला त्यांचा लॅपटॉप काम करताकरता अचानक बंद पडून पडदा काळाठिक्कर होऊ लागला, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावजयीला वाटलं, आता या खचणार. ताईंनी वही काढली. कधी सुरू केला, कितव्या मिनिटाला बंद पडला, पंखा चालू होता का, सगळं लिहायला लागल्या.

दुरुस्ती केंद्रात दोनदा एकच उत्तर मिळालं होतं, "मॅडम, इथं तर मस्त चालतोय." आज संध्याकाळी वॉरंटी संपत होती. उद्यापासून पदरमोड, आणि ती ताईंच्या आवाक्याबाहेरची.

म्हणून आज त्या भावजयीला घेऊन गेल्या आणि तिथल्याच बाकावर बसून टाइप करू लागल्या. तास उलटला. लॅपटॉप गुणी बाळासारखा चालत होता.

"ताई, तुमच्या धाकानं सुधारला वाटतं!" भावजय म्हणाली.

काउंटरमागचा तंत्रज्ञ खुदकन हसला. ताईंनी वही चाळली, वर एसीकडे पाहिलं आणि उठल्या. हरल्या बिचाऱ्या, असं भावजयीला वाटलं.

"इथं याला गार हवा मिळतेय, कशाला बिघडेल? माझ्या खोलीत तापतो, तेव्हाच मान टाकतो. चल, बाहेर."

बाहेरच्या पायऱ्यांवर रणरणतं ऊन होतं. ताई तिथंच फतकल मारून बसल्या.

"अहो, येणारे-जाणारे बघतायत!"

"बघू देत. तू जरा सावलीत सरक."

पस्तिसाव्या मिनिटाला पडद्यावर उभ्या रेघा आल्या आणि सगळं काळं झालं. ताईंनी दोन्ही हात वर उचलले.

"अगं, धाव! त्याला इथंच बोलाव. मी हातही लावत नाही."

आपले गुडघे दुखतात हे विसरून भावजय धावली. तंत्रज्ञ आला, त्यानं दोन-तीन बटणं दाबली. आतला पंखा घरघरला, पडदा मात्र काळाच. त्यानं लॅपटॉपला खालून हात लावला आणि झटकन काढला.

"आतला बोर्डच बदलावा लागेल, मॅडम."

"आजच्या तारखेनं लिहा."

त्यानं पायरीवर बसूनच पावती लिहिली. भावजयीनं ती वाचली, मग परत वाचली, आणि अभिमानानं ताईंच्या हातात दिली.

"गेल्या आठवड्यात असेच तीन लॅपटॉप मी 'काही झालेलं नाही' म्हणून परत पाठवलेत," तो ओशाळून म्हणाला. "त्यांनाही फोन करतो."

"करा," ताई म्हणाल्या, "आणि दुपारी बोलवा."