उलट लावलेलं कुंकू

काकूंनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. नागपूरच्या मुलीला, पुण्याच्या दोघींना, खालच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाईलाही. त्या बाईला हे काय चाललंय तेही ठाऊक नव्हतं. ती हसली, काकू हसल्या, तिच्या हाताला अत्तर लावलं. मग काकू माझ्यापाशी आल्या. करंडा पुढं केला.

"तुझं तूच लावून घे गं."

आवाज गोड. बोट स्वतःच्या पदराला पुसलेलं.

बाकीच्या पोरींना काही कळलं नाही. रेवतीला कळलं. काकूंची लेक ती. तिनं मान खाली घालून मोबाईल उघडला.

स्वतःचं स्वतःच लावायला हळदीकुंकवाला कोण जातं? दुसरीनं लावायचं, म्हणून तर बोलावतात.

हे सांगलीत घडलं नाही, कडेगावात नाही. इटलीत घडलं, फ्लोरेन्समध्ये. जगभरची माणसं तिथं जुनं बघायला येतात. काकू सांगलीच्या विश्रामबागेतून आपलं जुनं बॅगेत घालूनच आल्या होत्या.

मी कडेगाव तालुक्यातली. वडील गेले आणि नववीत शाळा सुटली. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या स्वयंपाकघरात लागले, पावाच्या भट्टीवर. हात बसला. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी मला बेकरीच्या कोर्सला इकडं पाठवलं. मी एकेकाच्या पाया पडले. पाया पडायची मला सवयच होती.

इथं आल्या आल्या ठरलेली खोली मिळाली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर रडत बसले होते. फोनवर आईशी बोलत होते, ते मराठी ऐकून रेवती थांबली. आर्किटेक्चर शिकणारी. तिच्या खोलीत एक कॉट मोकळी होती. घरमालकिणीनं खालच्या घंटीवर दोघींची नावं लावली. निम्मं भाडं माझं. तरी मी पाहुण्यासारखी राहिले. भांडी मी घासायची, स्वयंपाक मी करायचा, केर मी काढायचा. कुणी सांगितलं नव्हतं. मला भीती होती. ही खोली गेली तर दुसरी मिळणार नाही, आणि खोली नसली तर कोर्स सोडून परत. गावात लोक म्हणतील, बघा, गेली होती विलायतेला.

ईस्टरची आठवडाभर सुट्टी लागली आणि काकू लेकीला भेटायला आल्या. रेवतीचा प्रोजेक्ट होता. ती म्हणाली, "तू फिरव ना आईला, प्लीज. तुला तेवढंच बघायला मिळेल."

खरंच होतं ते. तोवर मी भट्टी आणि खोली, एवढंच शहर बघितलेलं. सोमवारपासून आम्ही दोघी फिरायला लागलो. मला लय आनंद झाला होता. मोठ्या घुमटाच्या आतला जिना अंगावर येतो इतका चिंचोळा. काकूंचे गुडघे दुखायचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या वरपर्यंत चढल्या. सोनारांच्या दुकानांच्या जुन्या पुलावर बसून माझ्या डब्यातली पोळी खाल्ली. "काय मऊ झालीय गं," म्हणाल्या. संग्रहालयात तो उघडा संगमरवरी पुतळा बघून तोंडाला पदर लावला.

"अगं बाई. याला कुणी एखादा पंचा तरी द्यायचा."

"फोटो काढू का काकू?"

"काढ. पण आमच्या ह्यांना पाठवू नकोस. उद्यापासून जिमला जायला लागतील."

मी इतकी हसले की तिथला पहारेकरी आमच्याकडं बघायला लागला. आई आठवली मला त्या दिवशी. काकूंना आई म्हणावं असंही वाटून गेलं.

गुरुवारी नदीपलीकडच्या टेकडीवर गेलो. खाली लाल कौलांचं सगळं गाव. काकू म्हणाल्या, "अगदी पाचगणीहून वाई दिसते तसं." मग सहज विचारलं, "तुझं आडनाव म्हणजे आमच्या सोसायटीतल्या मिलिटरीतून रिटायर झालेल्या सुभेदारांचं. त्यांच्यातलीच ना तू?"

माझं आडनाव त्यांच्यातही आहे, आमच्यातही. म्हणजे इतके दिवस काकू मला सुभेदारांच्यातली समजत होत्या.

"न्हाई काकू."

"मग? घर कुठं तुमचं? गावात की मळ्यात?"

"गावाच्या भाईर. ओढ्याच्या पल्याड."

"अच्छा," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "अच्छा."

आमच्या भागात एवढं पुरतं. जात विचारावी लागत नाही, ओढा विचारला की झालं.

टेकडी उतरताना त्यांनी माझा खांदा धरला नाही. कठडा धरून, पाय आखडत, एकेक पायरी उतरल्या.

शुक्रवारी त्यांच्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू. स्टेशनजवळच्या बांगलादेशी दुकानातून मी कैरी आणली. सकाळीच हरभऱ्याची डाळ वाटून, कैरी किसून, फोडणी घालून ठेवली. काकू म्हणाल्या, "तू दमली असशील, जरा बाहेर जाऊन ये." मी गेले. परत आले तर काकू दुसरी डाळ वाटत होत्या. माझी कचऱ्याच्या डब्यात होती. वर चहाचा चोथा टाकून झाकलेली, पण पिवळी डाळ दिसायची ती दिसलीच.

मी जिन्यात जाऊन आईला फोन केला. सगळं सांगितलं.

"गप ऱ्हा बाय," आई म्हणाली. "परमुलखात हायस. त्या पोरीनं निवारा दिलाय. दोन दिसांनी जाईल ती बया."

मी गप राहायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. डोळे धुतले आणि जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसले.

आणि करंडा माझ्यापुढं आला.

मी तो हातात घेतला. माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. काकू करंडा परत घ्यायला थांबल्या होत्या. मी दिला नाही. उठून उभी राहिले.

"काकू, उलट लावायचं राहिलं."

लावून घेतलं की लावणारीला उलट लावायचं असतं. हे काय विश्रामबागेतच असतं असं नाही. ओढ्याच्या पलीकडंही चैत्र येतो.

"असू दे, असू दे," काकू मागं सरल्या.

"गौरीपुढं असू दे कसं म्हणता? सवाष्णीनं कुंकवाला न्हाई म्हणू नये."

सगळ्या बघत होत्या. मागं भिंत होती. मी अंगठा भरून कुंकू घेतलं आणि काकूंच्या कपाळावर टेकवलं. टेकवून ठेवलं. त्यांचा श्वास थांबलेला मला कळला. डोळे गच्च मिटले होते. चिमूटभर कुंकू नाकावर सांडलं.

"काकू, नाकावर पडलं," नागपूरची मुलगी म्हणाली. "काका लाडात ठेवतात वाटतं."

पोरी हसल्या. काकूंनाही हसावं लागलं. पुसता येईना. नवरा जिवंत असलेली बाई कुंकू पुसते होय? सगळ्या जाईपर्यंत माझ्या अंगठ्याचा ठसा कपाळावर घेऊन त्या पन्हं वाटत फिरल्या. मी एकेक घोट घेत बघत बसले. मला पाप वाटलं नाही. गोड वाटलं.

सकाळी रेवती म्हणाली, "आई रात्रभर रडली. तू सॉरी म्हण. नाहीतर मला दुसरी रूममेट बघावी लागेल."

मी घाबरले. खोटं कशाला सांगू.

"तुला पायऱ्यांवरून मी आणलं," ती म्हणाली. "हे तरी आठव."

"आठवतंय. म्हणून आजवर तुझी खरकटी काढली. आता न्हाई काढणार."

"माझी खोली आहे ही."

"घंटीवर माझंबी नाव हाय. काढायचं तर मालकिणीला सांग. आणि का काढायचं तेबी सांग. तुला सांगताना लाज वाटली तर मी सांगते. तेवढं इटालियन येतंय मला."

रेवती गेली नाही मालकिणीकडं. जाणार नाही हे मला ठाऊक होतं. आईचं सोवळं तिला हवं होतं, पण परक्या माणसाच्या भाषेत सांगायला नको होतं.

काकू गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत, मीही वाकले नाही. मी त्याच खोलीत राहते. माझं ताट धुते, तिचं तिथंच सोडते.

आईला पुढचं सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "नीट टेकलं का बोट?"

"अंगठा टेकला."

"मग झ्याक."

मला माफ करायचं नाही. कोर्स पुरा करून मी पाचगणीला जाणार नाही, विश्रामबागेत जाणार. काकूंच्या सोसायटीच्या रस्त्यावर दुकान घालणार. रस्त्याच्या बाजूला काच लावून काचेमागं उघड्या हातांनी पीठ मळणार. पाटीवर माझं नाव, आणि त्याखाली ओढ्यापलीकडच्या वस्तीचं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. वाचल्याशिवाय कुणाला आत येता येणार नाही. काकूंना रोज तिथूनच जायचंय. खावंसं वाटलं तर माझ्या हातचं मागून खावं लागेल. नसेल चालत, तर पाव भाजल्याचा वास असेल तिथवर त्यांनी नाक दाबून चालावं. मी बघत उभी राहीन.