तानाबाईंची सोबत

आमच्या आंजी गावात एखाद्या घरी बाळंतपण जवळ आलं की दवाखान्यात सोबतीला तानाबाईंना न्यायचं, हा रिवाज कधी पडला ते कोणालाच सांगता येणार नाही. गावात आशाताई आहेत. नोंदणी, तपासण्या, गोळ्या हे सगळं त्या पाहतात. तानाबाईंकडे त्यातलं कुठलंच काम नाही. त्यांचं थोडं वावर आहे, ते त्या आणि त्यांचे यजमान नत्थूभाऊ मिळून कसतात. हंगामात त्या दुसऱ्यांकडे कापूस वेचायलाही जातात. पण निरोप आला की हातपाय धुऊन, साडी बदलून, पिशवी घेऊन निघतात. पिशवीत एक जुनी मऊ साडी, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि मोबाइलचा चार्जर असतो. चार्जर कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"दवाखान्यात गेलं का सगळ्याइले फोन करा लागते भैय्याजी, अन् सगळ्याइचे फोन तिथंच मरते," त्या म्हणाल्या.

मी वर्ध्याला एका सहकारी संस्थेत हिशेबनीस आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. तानाबाईंचं घर आमच्या समोरच. आमची सून वर्षाली हिला आई नाही, त्यामुळे तिचं बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. आमच्या मुकेशच्या मनात खाजगी दवाखाना होता. तेव्हा तानाबाई ओसरीवर येऊन बसल्या आणि त्याला विचारू लागल्या.

"मुकेश, वर्ध्याले गेल्यावर तू तर्री-पोहे कुठं खातो रे?"

"स्टेशनकडच्या ठेल्यावर."

"तिथंच काऊन? बाकीचे ठेले काही कमी हायेत?"

"तिथं गर्दी असते काकू. माल ताजा मिळतो."

"मंग? सरकारीत गर्दी हाय, म्हणून तुले नको वाटते. अरे, रोज बाळंतपणं करून करून त्याइचा हात बसला हाय. जिथं गिऱ्हाईक नाई तिथले पोहे तू खात नाई, अन् बायकोले नेतो म्हणते."

डॉक्टरी आणि पोहे यांची तुलना मला फारशी पटली नव्हती, पण मुकेश हसला आणि वर्षाली सरकारी दवाखान्यात गेली. सगळं नीट पार पडलं. नातू आता अंगणवाडीत जातो. गावातल्या बऱ्याच घरी असंच झालं असावं. तानाबाईंचा शब्द ठरलेला असे, 'सरकारीतच चला', आणि लोक तो ऐकत.

मागच्या वर्षी त्यांची मुलगी पौर्णिमा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. तिला नाचणगावला दिलेलं आहे. जावई प्रफुल्ल पुलगावला एका शाळेत शिकवतो. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे दवाखाना ठरवायचा तोही माहेरच्यांनी. तानाबाईंची मुलगी सरकारीतच जाणार, हे आमच्या गल्लीत सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

एका रविवारी प्रफुल्लच्या मोटारसायकलवर बसून त्याची आई भागीरथाबाई आल्या. "चार शब्द बोलाले माणूस पाह्यजे," म्हणून तानाबाईंनी मला बोलावून घेतलं. जयभीम, पाणी, चहा झाला. भागीरथाबाईंनी पदर सावरला.

"इहीनबाई, पोरगी तुमच्या घरी हाय, मी काही बोलत नाई. फक्त एवढंच म्हणतो, का ते सरकारीत नाई गेली पाह्यजे."

"याले न बोलणं म्हणते का तुमच्याकडं?" तानाबाई म्हणाल्या.

"मले नाचणगावात लोकं इचारते, कुठं नाव टाकलं सुनेचं? सरकारी म्हटलं का माया तोंडाकडं पाह्यते."

"पाहू द्या ना. एरवी कोण पाह्यते आपल्या तोंडाकडं या वयात?"

नत्थूभाऊंना ठसका लागला. भागीरथाबाईही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "हसा तुमी. पण गर्दीत माया सुनेकडं पाह्यन कोण? प्रायव्हेटात डॉक्टरीण नावानं ओळखते. सरकारीत केसपेपर हरवला का माणूस हरवला."

प्रफुल्ल दोघींकडे आळीपाळीने बघत होता. पौर्णिमा भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. "पाहू, सोचून सांगतो," असं तानाबाई म्हणाल्या आणि बैठक उठली.

मला वाटलं, इहीनबाईंचा मान राखायला त्या तसं म्हणाल्या असाव्यात. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या ओसरीवर आल्या.

"भैय्याजी, मले बी प्रायव्हेटच वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"इहीनबाईंमुळे?"

"नाई. त्याइचं सोडा. दुसऱ्याची पोरगी राह्यली का माहं डोकं थंड राह्यते. आपली पोरगी म्हटलं का काही सुचत नाई. तिथं एसी हाय, चांगला पलंग हाय, एकाच पोरीकडं पाह्यते. उद्या काही कमीजास्त झालं अन् मीच सरकारीत नेलं होतं, असं झालं त?"

माझी पत्नी माधवी आतून ऐकत होती. ती दारात येऊन म्हणाली, "आमच्या वर्षालीच्या वेळेस बरे सुचले होते तुमाले पोहे."

मला वाटलं, आता वाजणार. पण तानाबाईंनी मान हलवली. "वैनी, तुमचं म्हणणं बरोबर हाय. गावातल्या पोरी मी सरकारीत नेल्या अन् माही नेली प्रायव्हेटात, त उद्या कोणाच्या दारात उभी राहू? अन् लोकाइच्या भेवानं पोरीले सरकारीत टाकलं, त माय कायची मी? त्याच्यासाठीच त घास उतरत नाई."

माधवीने त्यांच्यासमोर चहा आणून ठेवला आणि तिथेच बसली. मी मला समजतं तेवढं सांगितलं. सरकारी दवाखान्यात केव्हाही गेलं तरी डॉक्टर असतात, रक्ताची, ऑपरेशनची सोय तिथेच आहे. खाजगीत शांतता आहे, ओळखीचा एकच डॉक्टर सुरुवातीपासून पाहतो, त्याचाही माणसाला आधार असतो. दोन्हीकडे बायका सुखरूप मोकळ्या होतात. तेव्हा एकदा दोन्ही ठिकाणं बघून यावीत, आणि पौर्णिमालाही न्यावं.

पुढच्या सुट्टीला मी गाडी काढली. आधी आम्ही वर्ध्यातल्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. जागा स्वच्छ, शांत. डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि फार नीट बोलल्या. त्यांनी पौर्णिमाला तपासलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या, खोली दाखवली. तानाबाईंनी पलंगावरची चादर हाताने चाचपून पाहिली. निघताना पौर्णिमाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मॅडम, कळा सुरू झाल्यावर आई मायाजवळ राहू शकते का?"

"लेबर रूममध्ये नातेवाइकांना येऊ देत नाही आम्ही. आमच्या सिस्टर असतात ना पूर्ण वेळ. आई बाहेर खोलीत थांबतील."

पौर्णिमा बरं म्हणाली.

तिथून सरकारी दवाखान्यात गेलो. बाह्यरुग्ण विभाग भरलेला होता. बाकांवर जागा नव्हती, जिन्यावर डबे उघडून माणसं जेवत होती. पण बाळंतपणाच्या वॉर्डाच्या दारातल्या सिस्टरनी तानाबाईंना लांबूनच ओळखलं.

"या तानाबाई. आज कोण?"

"माही पोरगी हाय, सिस्टर."

"ते तर दरवेळी तुम्ही सांगता. आंजीच्या सगळ्या तुमच्याच पोरी."

ते खरंच होतं. तुम्ही पेशंटच्या कोण, असं विचारलं की शेजारीण म्हणून सांगितल्यास कोणी वॉर्डात उभं करत नाही. म्हणून तानाबाई प्रत्येक बाईबद्दल 'माही पोरगी हाय' असंच सांगत आल्या होत्या. आमच्या वर्षालीच्या वेळीही त्यांनी हेच सांगितलं होतं आणि माधवीला सासू म्हणून मागे उभं केलं होतं. आता खऱ्या पोरीला घेऊन त्या तिथे उभ्या होत्या.

"खरंच त्याइची हाय मी," पौर्णिमा म्हणाली.

सिस्टरनी दोघींकडे नीट पाहिलं. "नाक तर तेच आहे. मग ही तुमची पहिली खरी."

हशा झाला. तानाबाई मात्र हसल्या नाहीत. पौर्णिमाने तोच प्रश्न सिस्टरना विचारला.

"एक बाई राहू शकते तुझ्याजवळ. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं हवं आणि ती धीराची हवी. रडणारी नको. आम्ही तुला सांभाळू की तिला?"

गाडीत बसल्यावर पौर्णिमा म्हणाली, "आई, इथंच."

"गर्दी पाह्यली ना तू?"

"पाह्यली. तू आत राह्यशील ना पण?"

तानाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "राह्यीन," त्या म्हणाल्या.

दवाखाना ठरला. प्रफुल्लने फोनवर होकार दिला. भागीरथाबाईंनी "तुमची पोरगी, तुमची मर्जी," म्हणून फोन ठेवला. पण तानाबाईंचा चेहरा उतरलेलाच होता. एकदा मी कामावर निघताना त्या फाटकाशी आल्या.

"भैय्याजी, लोकाइले वाटते मी बाळंतपणाच्या खोलीत आतपर्यंत जातो. मी कधीच आत गेलो नाई. आधी कोणाले जाऊच देत नोते. मंग सोबतीण चालते म्हणाले लागले, तवा मी पोरीच्या मायले नाई त सासूले पाठवत होतो. मी बाकड्यावरची बाई हाय. आतून आवाज आला का मी बाहेरच्याइले चहा पाजतो, दुसरं काही नाई. मले आतलं भेव लागते."

"मग पौर्णिमाला तसं सांगा."

"तिनं मायासाठी ते ठिकाण धरलं. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

बस यायची वेळ झाली होती, मी निघालो.

थंडी सरत आली होती. एका सकाळी पौर्णिमाला कळा सुरू झाल्या. मी रजा टाकली आणि गाडीने सगळ्यांना घेऊन गेलो. नत्थूभाऊ पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर धरून बसले होते. नाचणगावला फोन झाला. सिस्टरनी पौर्णिमाला आत घेतलं, तानाबाईंना गाऊन दिला, टोपी दिली. त्या आमच्याकडे न बघता आत गेल्या.

भागीरथाबाई आणि प्रफुल्ल दुपारच्या आधी एसटीने येऊन पोचले. भागीरथाबाईंनी एकवार सगळी गर्दी बघून घेतली, मला म्हणाल्या, "मी काही बोलत नाई," आणि बसल्या. थोड्या वेळाने दार उघडलं. तानाबाई बाहेर आल्या. डोळे भरलेले, टोपी हातात. मागून सिस्टर म्हणत होत्या, "घाबरायचं काही नाही. सगळं नीट चाललं आहे. तुम्ही फक्त बाहेर बसा."

तानाबाई भिंत धरून उभ्या राहिल्या. "तिच्या तोंडाकडं पाह्यलं अन् मले रडू आलं. तिनंच म्हटलं, आई, तू बाहेर बस, तुयाकडं पाहून मले जास्त भेव लागते. आता एकटी हाय ते आत."

भागीरथाबाई उठल्या. "काढा तो गाऊन."

"तुमाले त सरकारी नाई पाह्यजे होतं ना?"

"सरकारी नाई पाह्यजे म्हटलं होतं. सून नाई पाह्यजे, असं कोण म्हटलं? सरका."

सिस्टरनी आत जाऊन पौर्णिमाला विचारलं आणि परत येऊन मान हलवली. भागीरथाबाई गाऊनचे बंद बांधत आत गेल्या. तो त्यांना आखूड होत होता. दार लागलं.

तानाबाई बाकड्यावर बसल्या. इतरांच्या वेळी त्या एका जागी बसत नसत. आज नत्थूभाऊंनी चहा आणून दिला तो निवून गेला. शेजारी सेलू तालुक्यातली एक बाई बसली होती, तिचीही मुलगी आत होती. तिने तानाबाईंचा हात हातात घेतला आणि तुम्ही कुठल्या, काय करता, असं काहीबाही विचारत राहिली. तानाबाई विचारेल तेवढंच सांगत होत्या. त्यांना सोबत देणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ऊन कलताना भागीरथाबाई बाहेर आल्या. घामाने चेहरा ओला झाला होता.

"पोरगी झाली. दोघी बी चांगल्या हायेत."

तानाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "लय तरास झाला का तिले?"

"तुमच्यापेक्षा कमी," भागीरथाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "सिस्टर चांगली हाय ती. सारखी नावानं बोलावत होती."

नाचणगावात आता भागीरथाबाई दवाखाना आपणच ठरवला असं सांगतात, हे मला प्रफुल्लकडून कळलं. तानाबाईंच्याही ते कानावर आलं आहे.

पौर्णिमा बाळाला घेऊन अजून माहेरीच आहे. परवा आमच्या गल्लीतले अण्णाजी तानाबाईंकडे आले. त्यांची मुलगी सरिता माहेरी आली आहे, तीही बरोबर होती. मी ओसरीवर पेपर वाचत होतो.

"तानाबाई, पुढच्या महिन्यात सोबतीले या लागन. सरकारीतच ना?"

"थांबा," तानाबाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "सरिता, तुया मनात काय हाय?"

सरिता बापाकडे बघून अडखळली. मग म्हणाली, सुरुवातीपासून ती ज्या खाजगी डॉक्टरीणबाईंना दाखवते आहे, त्यांच्याकडेच तिला बरं वाटतं. त्यांच्याशी तिला मोकळं बोलता येतं.

"मंग तिथंच जाऊ."

अण्णाजींनी चष्मा काढला. "पण तुमी त नेहमी सरकारीत म्हणता."

"म्हणत होतो. निघाल तवा आवाज देजा," तानाबाई म्हणाल्या, आणि सरिताला घेऊन नात दाखवायला घरात गेल्या.