दुसऱ्याच्या गाडीतून चाललेला माल

जुन्या लॉऱ्यांचे भाग विकणाऱ्या दुकानात चार वर्षं काढली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कोपऱ्यात नटबोल्ट साचतात तसे ते साचत जातात. आता कोणी नुसतं 'पार्सल' म्हटलं तरी मला एकदम पाचसहा आठवतात आणि घरचे लोक कामाचं निमित्त काढून उठून जातात. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. स्टेशनच्या रस्त्याला करीमचाचांचं दुकान होतं. लढाई संपल्यावर लष्कराच्या लॉऱ्या लिलावात निघाल्या. जंगलच्या ठेकेदारांनी त्या घेतल्या, लाकडं ओढून ओढून मारल्या, आणि मेलेल्या लॉऱ्या आमच्याकडे आल्या. सदुभाऊ त्या मोडायचा, मी गिऱ्हाइकाशी बोलायचो आणि चाचा माल पाठवायचे. अवघड काम चाचांचंच होतं. गिअरबॉक्स विकायला काय लागतं? पण तो उचलून चिमूरला, नाहीतर गडचिरोलीकडच्या जंगलात पोचवायचा कसा? खास गाडी केली तर भाडं मालाच्या डोक्यावर बसायचं. शिवाय नागपूरला मोठी दुकानं होती, माल आमच्याहून बरा होता. गिऱ्हाईक आमच्याकडे यायचं ते एवढ्यासाठीच, की आमचा माल स्वस्तात दारापर्यंत यायचा. ते जमलं नसतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

चाचांचं म्हणणं एकच. "आपली गाडी कराचीच नाई. कोणाची ना कोणाची गाडी तिकडं जातेच. ते धुंडाची."

* * *

मोटारवाल्यांचा नियम असा, की पार्सलला भाडं आणि सवारीचं सामान टपावर फुकट. म्हणून चाचा रोज सकाळी मोटार स्टँडवर उभे राहून रिकाम्या हाताने चाललेली माणसं शोधायचे. असे एकदा सावली गावचे एक गुरुजी सापडले. हातात फक्त छत्री.

"गुरुजी, सामान काई नाई वाट्टे?"

"नाई बा. काऊन?"

"मंग एक लहानशी वस्तू नेता का? सावलीले आमचा मानूस उतरवून घेईन."

गुरुजी भले माणूस, हो म्हणाले. चार हमालांनी लॉरीचा अख्खा क्रँक टपावर चढवला तेव्हा कंडक्टर गुरुजींकडे बघायला लागला आणि गुरुजी छत्रीकडे. सावलीला पोरांनी महिनाभर विचारलं म्हणे, की गुरुजी, तुम्ही चांद्याहून काय आणलं होतं?

पुढच्या खेपेला गुरुजी शहाणे झाले. भलीमोठी पत्र्याची पेटी घेऊनच स्टँडवर आले. लांबूनच म्हणाले, "या टायमाले माहंच सामान हाय, करीमभाई. जागा नाई."

चाचांनी पेटीची कडी धरली आणि एका हाताने ती सहज वर उचलली.

"पेटीत तं लय जागा दिसते, गुरुजी. डायनमो आरामात जमन."

गुरुजींनी डायनमो नेला. त्यानंतर ते रेल्वेने यायला लागले.

* * *

लग्नसराईत आमची चंगळ असायची. वऱ्हाडाच्या गाड्या खेड्यात जायच्या आणि कुठल्यातरी गाडीत पाय ठेवण्याएवढी जागा असायचीच. सिंदेवाहीकडे एक नवरी सासरी निघाली होती. त्याच गावच्या, लाकडं कापणाऱ्या आरामशीनवाल्याचा गिअरबॉक्स आम्ही आंदणाच्या गाडीत चढवून दिला. तेल लागू नये म्हणून सदुभाऊने तो नव्या कोऱ्या कापडात बांधला आणि हौसेने वर गाठ मारली. चूक झाली ती तिथेच.

सासरी आंदण उतरलं. परात, हंडे, पाट, पलंग, आणि कापडात गुंडाळलेलं, चार माणसांना न उचलवणारं काहीतरी. नवरीच्या सासूबाईंनी ते ओसरीत मधोमध ठेवायला लावलं. गाव बघून गेलं. इतकं वजनदार आंदण त्या गावात कोणाच्याच घरी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आरामशीनवाला माल न्यायला आला. सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"आंदनात आलेली वस्तू घरातून जात नाई."

"बाई, हा लॉरीचा गिअरबॉक्स हाय. तुमी याचं कराल काय?"

"ते आमी पाहून घेऊ."

शेवटी नवरीच्या बापाने तोड काढली. आरामशीनवाल्याने पाणी भरायचा तांब्याचा मोठा गुंड आणून ओसरीत ठेवला, मग गिअरबॉक्स सुटला. आरामशीनवाला चिडून दुकानात आला तेव्हा चाचांनी त्याला चहा पाजला आणि समजूत घातली, "भाडं वाचलं ना तुमचं? मंग पोरीले एक भांडं दिलं, काय बिघडलं?" आणि तो हसला. माणसं चांगली होती हो तेव्हाची, उगीच म्हणत नाही मी.

* * *

चिमूरकडच्या एका पाटलांच्या बैलांचं शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, मोठं नाव होतं. पाटील चांद्याला रिकाम्या गाडीने आले होते आणि आमचा एक इंजिन ब्लॉक त्यांच्याच शेजारच्या गावी जायचा होता. पण पटाच्या बैलांना ओझं? पाटलांनी कानावर हात ठेवले.

चाचा बैलांच्या भोवती फिरले, पाठीवरून हात फिरवला आणि हळहळले. "जोडी सोन्यासारखी हाय. पन वजन ओढाची सवय नसन, तं पटात दम पुरत नाई म्हन्तेत."

पाटलांनी ब्लॉक चढवून घेतला. आठवडा गेला, पंधरवडा गेला, तरी गिऱ्हाइकाला ब्लॉक मिळेना. मी चौकशीला गेलो. पाटील रोज सकाळी ब्लॉक गाडीत घालून बैल पळवत होते. गिऱ्हाईक बांधावर डोक्याला हात लावून बसलं होतं. रोज त्याच्यासमोरून त्याचा माल भरधाव जायचा.

पटात जोडी पहिली आली. पाटलांनी गुलाल उधळत ब्लॉक पोचवला आणि चाचांना निरोप धाडला, "पुढच्या साली याहून भारी असन तं ठेवा."

* * *

दंडार, म्हणजे तिकडची लोकनाट्यं, करणारी मंडळी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांच्या दिवसांत गावोगाव फिरायची. त्यांच्या गाडीत एकदा एक फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जाड लोखंडी चाक, दिलं. खेळ महाभारताचा होता. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुततं, तो प्रसंग. त्यांचं बांबूचं चाक वाटेत मोडलं होतं. मग काय, गाडीत दुसरं चाक होतंच.

कर्ण चाक काढायला वाकला. चाक हललं नाही. त्याने पुन्हा जोर लावला, घाम फुटला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, किरीट पडला. बाया रडायला लागल्या. असा कर्ण झाडीपट्टीत कोणी पाहिला नव्हता. गिऱ्हाईकही बघणाऱ्यांत बसलं होतं. त्याने माल ओळखला, पण कर्णाचे हाल बघून त्याच्याच डोळ्याला पाणी आलं.

खेळ संपल्यावर गिऱ्हाईक कर्णाला म्हणालं, "चाक माहं हाय. पन तुमचं काम झाल्यावर देजा, घाई नाई."

* * *

आता शेवटचा. त्या दिवशी दुकान राहतं की जातं असा प्रश्न होता.

राजन्ना हे सिरोंचाकडचे ठेकेदार, आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. गोंडपिपरीच्या पुढे त्यांनी तोडीसाठी जंगलाचा तुकडा घेतला होता. लाकूड उचलायची मुदत संपत आली होती. उरलेलं लाकूड मुदतीनंतर सरकारजमा होणार, आणि नेमका त्यांच्या लॉरीचा अ‍ॅक्सल तुटला. त्याच सुमारास नागपूरच्या एका दुकानाने स्वतःची लॉरी भागांनी भरून जंगलात फिरवायला सुरुवात केली होती. राजन्नांनी निरोप धाडला, "चाचा, अ‍ॅक्सल वेळेवर आला तं मी तुमचा. नाई तं यापुढं नागपूरवाल्याचा." राजन्ना गेले असते तर मागोमाग सगळेच गेले असते.

चाचांनी मिठाची पोती घेऊन तिकडे चाललेली बैलगाडी शोधली, अ‍ॅक्सल तिच्यात चढवला आणि या वेळी आम्ही तिघेही सोबत निघालो. अर्ध्या वाटेत एक बैल लंगडायला लागला. गाडीवानाने जू उतरवलं. "आता हा चालत नाई, चाचा. उद्या पाहू." उद्यापर्यंत मुदत संपत होती. चाचा मिठाच्या पोत्यावर बसून राहिले.

मी पाणी शोधायला पुढे गेलो, तर वळणावर ती नागपूरची लॉरी उभी. ड्रायव्हर सावलीत डोकं धरून बसलेला. त्याचाही अ‍ॅक्सल तुटला होता. लॉरीत पाहिजे तो भाग होता, फक्त अ‍ॅक्सल वाटेत विकून संपले होते.

मी चाचांना आणलं. चाचांनी लॉरीकडे पाहिलं. लष्कराचीच लॉरी, राजन्नांच्या लॉरीच्याच जातीची.

"कुठी चालले?" चाचांनी विचारलं.

"राजन्नाच्या लाकडाच्या डेपोवर."

"हे पाहा, माह्याजवळ अ‍ॅक्सल हाय, पन तो राजन्नाचा हाय. इकू शकत नाई. डेपोपर्यंत लावून देतो. चालन?"

ड्रायव्हरने चाचांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. सदुभाऊने अ‍ॅक्सल बसवला आणि आम्ही तिघे नागपूरच्या मालावर बसून, वारा खात, दिवस कलायच्या आत डेपोवर पोचलो.

राजन्ना धावत आले. "चाचा, माल कुठी हाय?"

चाचांनी नागपूरच्या लॉरीच्या मागच्या चाकावर थाप मारली. "हा काय."

सदुभाऊने जॅक लावला. ड्रायव्हर खाली उतरला. "अरे, हे काय करून राह्यले?"

"माल उतरवून राह्यलो," सदुभाऊ म्हणाला.

तासाभरात राजन्नांची लॉरी लाकडं घेऊन निघाली. नागपूरची लॉरी ठोकळ्यांवर उभी राहिली. ड्रायव्हर कधी तिच्याकडे, कधी आमच्याकडे बघत होता. शेवटी चाचांपाशी येऊन म्हणाला, "चाचा, आता मले अ‍ॅक्सल कुठी भेटन?"

"चांद्याले. माह्याच दुकानात."

सदुभाऊने चिंधीने हात पुसले.

"पाठवाचं भाडं वेगळं पडन, भाऊ."