आंटीची पांढरी रेघ

नायरी आंटी भित्री होती. मी हे तिला तोंडावर अकरा वर्षं सांगत आलो आणि तिने कधी नाकारलं नाही. "भित्रीच आहे मी," ती म्हणायची, "म्हणून तर तुझं नाक अजून जागेवर आहे, बेव्हन."

वेलिंग्टनच्या मीरामार भागात जुना रंगाचा कारखाना होता, त्याचा आता स्टुडिओ झाला आहे. तिथे ती कॅमेरा फिरवणारं यंत्र चालवायची. रुळावर एक गाडा, गाड्यावर लांबलचक लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला कॅमेरा. हलवतात ते सगळं मोटारी. एकदा शिकवलेली हालचाल ते यंत्र शंभर वेळा तशीच करून दाखवतं, केसाचाही फरक नाही. मध्ये माणूस आला तरी तशीच करतं. आंटी आधी तिकडे पूर्वेला गिझ्बर्नच्या मटणाच्या कारखान्यात मटण टांगून पुढे नेणाऱ्या साखळ्या दुरुस्त करायची. तो बंद पडला तेव्हा धाकट्या भावाला, रेवीला, घेऊन ती वेलिंग्टनला आली. लोखंड तिला कळायचं. कॉम्प्युटर ती नंतर शिकली, तोही शिव्या देत देत.

मी रूळ टाकणारा. चौकस माणूस नव्हे. गुडघे गेलेला, तोंडाळ आणि घाईचा माणूस.

आमच्या यंत्राची एक खोड होती. वीज बंद केली की आपण कुठे आहोत हे ते विसरायचं. पुन्हा चालू केल्यावर आधी रुळावरून हळूहळू सरकत जाऊन ते आपली मूळ जागा शोधायचं. त्या जागेला आम्ही घर म्हणतो. आंटीने तिथे रुळावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली होती आणि गाड्यावर एक बाण. बाण रेघेवर आला म्हणजे यंत्र घरी. मग ती टेबलामागून ओरडायची, "घरी?" मी रुळाशी वाकायचो, माझे गुडघे कटकट वाजायचे, बाण बघायचो आणि ओरडायचो, "घरी!" त्याशिवाय तिचं बोट बटणाकडे जात नसे.

एवढ्यावरही बाईचं समाधान नव्हतं. नट जिथे उभा राहणार तिथे ती आधी एक झाडू उभा करायची, त्याच्या डोक्यावर रेवीची लोकरी टोपी. पहिली फेरी झाडूची, दुसरी माणसाची. आम्ही त्या झाडूला बर्ट म्हणायचो, चहाच्या वेळी त्याच्यापुढे बिस्किट ठेवायचो. आंटी हसायची, पण बर्टला हलवू द्यायची नाही.

तिच्या भीतीचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्टुडिओत असलाच लोखंडी हात रेवीच्या तोंडावर आला होता. जबडा मोडला, डावा डोळा गेला. तेव्हापासून तो आंटीकडेच राहतो आणि कुस्करलेली कुमारा, म्हणजे इकडची रताळी, खातो. "माझाच गाढवपणा," रेवी स्वतःच सांगायचा. "न बघता घरी म्हणालो आणि समोर जाऊन उभा राहिलो." सांगताना हसायचा. आंटी त्या वेळी उठून किटली लावायची.

मे महिन्यात यंत्र बनवणाऱ्यांकडून ईमेल आला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते आहे, त्यात काय काय सुधारणा असतील त्याची यादी, आणि कोणाला आधी वापरून बघायची असेल तर घ्या. स्टुडिओचा कारभार बघणारा ग्रेअम ती यादी चहाला जमलेल्या सगळ्यांना वाचून दाखवायला लागला. हालचाल अधिक मऊ. मोबाइलवरून चालवता येणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वीज गेली तरी यंत्र आपली जागा विसरणार नाही. घर शोधत बसायला नको. पडद्यावर हिरवा दिवा लागला की घरी.

"म्हणजे मला वाकायला नको?" मी विचारलं.

"नको."

"देव त्यांचं भलं करो."

सगळे हसले. आंटीचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा पडला होता.

"ग्रेअम, त्याला कोणी हाताने ढकललं तर?" तिने विचारलं. "वीज बंद असताना?"

"तेही बघितलं असेल गं त्यांनी, आंटी."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे एवढी शिकलेली माणसं आहेत ती."

"मटणाच्या कारखान्यातही इंजिनिअर शिकलेलेच होते," ती म्हणाली. "तिथे नऊ बोटांचे किती जण होते सांगू?"

त्या आठवड्यात ती जेवली नाही. पावाचा डबा न उघडता परत न्यायची. टेबलाशी बसली की मांडीवर हात दाबून धरायची. मला वाटलं, नोकरी जाईल म्हणून घाबरली आहे. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तसं समज."

गुरुवारी मधाच्या जाहिरातीचं काम होतं. सेफिना नावाची सामोअन नर्तकी हातात मधाचा चमचा धरून उभी राहणार, कॅमेरा सुसाट येऊन तिच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर थांबणार. आंटी नको नको म्हणत असताना ग्रेअमने नवी आवृत्ती आदल्या दिवशीच चढवली होती. सकाळी काम झकास झालं. झाडूची फेरी झाली, सेफिनाच्या तीन झाल्या. मीही मान्य केलं की हालचाल लोण्यासारखी आहे.

जेवणाच्या सुट्टीत वीज बंद केली. मधाची खोकी असलेली ढकलगाडी आत आणायची होती आणि यंत्र वाटेत. मी गाड्याला खांदा लावून तो बाजूला सारला, ढकलगाडी गेली, मग परत आणून ठेवला. अंदाजाने. अकरा वर्षं असंच करत होतो. चालू केल्यावर ते आपलं घर आपण शोधायचं, मग नेमकं ठेवायचं कशाला? आता ते शोधणार नव्हतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. यादी तर मीच टाळ्या पिटत ऐकली होती.

बाहेर दक्षिणेचा वारा पत्रे वाजवत होता. वीज चालू झाली. पडद्यावर हिरवा दिवा.

"झाडू राहू दे," ग्रेअम म्हणाला. "उशीर झालाय. सेफिना, ये."

सेफिना येऊन खुणेवर उभी राहिली.

"घरी?" आंटीने विचारलं.

मी रुळाशीच होतो. लांबच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका मला उभ्या उभ्या दिसत होता.

"घरी!"

काही झालं नाही. आंटीचं बोट हवेतच राहिलं. "सेफिना, बाहेर ये पोरी," ती म्हणाली. "बर्टला ठेवा."

"आंटी, काय चाललंय?" ग्रेअम वैतागला.

"बर्टला ठेवा म्हटलं ना!"

तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. सेफिना बाजूला झाली, कुरकुरत कोणीतरी झाडू ठेवला, टोपी घातली. आंटीने बटण दाबलं.

यंत्र लोण्यासारखं आलं. थांबायचं तिथे थांबलं नाही, वीतभर पुढे गेलं. काड्कन आवाज झाला. झाडूचं वरचं टोक मोडून भिंतीवर आदळलं आणि टोपी कॅमेऱ्याच्या फुटक्या काचेवर चिरडून लटकत राहिली. बरोबर त्या उंचीवर, जिथे मघाशी सेफिनाचे डोळे होते.

सेफिना खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. आंटीने यंत्र मागे, सुरुवातीच्या जागी, नेलं. मी आता खाली बघितलं. बाण रेघेपासून वीतभर पुढे होता.

"हे असलं सॉफ्टवेअर!" ग्रेअम ओरडला. "कळवतोच त्यांना!" सगळे सॉफ्टवेअरला शिव्या घालू लागले. मी पण घातल्या. मोठ्याने घातल्या.

पाच वाजता नेहमीप्रमाणे आंटीला घरी सोडायला निघालो. किलबर्नीच्या चढावर मला राहवेना. "आंटी, मी बघितलंच नव्हतं."

"माहीत आहे. तुझे गुडघे वाजले नाहीत."

मी गाडी कडेला घेतली. ती मांडीवरच्या फाटलेल्या टोपीतून काचेचे कण एकेक करून वेचत होती.

"रेवी सांगतो ते खोटं आहे," ती म्हणाली. "तो समोर दिवा लावत होता. रुळाशी मी होते. विचारलं दुसऱ्याने आणि घरी म्हणाले मी. न वाकता. माझी पोरं लहान होती, नोकरी जाऊ नये म्हणून त्याने स्वतःवर घेतलं. जबडा बांधलेला असताना पाटीवर लिहून दिलं त्याने, की मीच म्हणालो."

"मग इतकी वर्षं—"

"तुम्ही म्हणता आंटी यंत्राला भिते. यंत्राला काय भ्यायचं? लाल बटण दाबलं की थांबतं ते. मी संध्याकाळी दारात पाय ठेवायला भिते. आज तरी तो तोंड उघडून मला विचारेल, असं रोज वाटतं. एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही त्याने." तिने टोपीची घडी घातली. "उद्या ग्रेअमला खरं सांग. तुझ्यासाठी कोणाला खोटं बोलायला लावू नकोस."

घरासमोर मी गाडी थांबवली. गाडीचा आवाज ऐकून रेवीने दार उघडलं, एका हातात कुमारा कुस्करायचा चमचा. रोजच्यासारखं, थट्टेने, वाकड्या जबड्यातून तो ओरडला, "घरी?"

रोज ती उतरता उतरता "घरी!" म्हणून ओरडायची. मी कितीदा ऐकलं होतं.

त्या दिवशी ती फाटकापर्यंत गेली आणि टोपी छातीशी धरून तिथेच उभी राहिली. रेवीने पुन्हा विचारलं. ऐकू यावं म्हणून मी गाडी चालू केली नाही, पण तिचं 'घरी!' काही आलं नाही.