खाडीचा फळा आणि शाळेचे घड्याळ

इन्स्पेक्टरसाहेब काठापासून पन्नास हातांवर, चिखलात रुतलेल्या होडीत बसले होते. काठावर आमची सारी शाळा उभी होती. मी तिचा हेडमास्तर. त्याच सकाळी आम्ही त्यांच्याकडे अकरावीचा वर्ग मागितला होता. तो मिळाला नसता, तर मुलगे मालवणला गेले असते आणि दहावीतली सुमती घरी बसली असती.

होडी रुतली ती सुमतीच्या फळ्यामुळे. ओहोटीला आमची खाडी इतकी उतरे की होडी चालत नसे; आजारी माणसेही तासन्‌तास काठावर खोळंबत. सुमतीने चार मुले जमवली. महिनाभर त्यांनी खुणा केलेला बांबू पाण्यात रोवून नोंदी ठेवल्या. भरती रोज सुमारे दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, उशिरा येते हे त्यांनी स्वतः शोधले. मग शाळेतला एक जुना फळा धक्क्यावर टांगून त्यावर ती रोज लिहू लागली : आज होडी अमुकपासून अमुकपर्यंत. गावाने कौतुक केले. मला कोणी विचारले नव्हते. तरी कौतुकातला माझा वाटा मी घेतला.

शाळा अकराची. साहेब त्यांच्या घड्याळात पावणेअकराला आले, तो वर्ग भरलेले. मुलांच्या शिस्तीबद्दल त्यांनी मला शाबासकी दिली. तीही मी घेतली.

परत निघताना साहेबांच्या मनगटावर पावणेदोन वाजले होते. फळ्यावर 'दोनपर्यंत' असे लिहिले होते. होडीवाला बाबी तांडेल मात्र उठेना.

"साहेबानू, पाणी उतारता हा. होडी रुततली."

साहेबांनी फळ्याकडे बोट केले.

"फळो माका कित्याक दाखवतास? पाण्याक दाखवा," असे म्हणत त्याने होडी सोडली.

अखेर मुलांनी चिखलावर नारळीच्या झावळ्यांची झापे अंथरली आणि साहेब बूट हातात घेऊन परत आले. फळा कोणी लिहिला, असे त्यांनी विचारले. सुमती पुढे झाली. ज्यांना साधी वेळ नोंदता येत नाही त्यांना अकरावी कशाला, असे ते मला म्हणाले. सुमती मान खाली घालून बोटांवर पुन्हा हिशेब करीत होती.

पोरांची चूक, असे म्हणून मला सुटता आले असते. पण चूक कुठे होती ते मला ठाऊक होते.

"साहेब, तिने वेळ शाळेच्या घड्याळावरून घेतली आहे."

"ते बिघडले आहे?"

"नाही. पलीकडच्या पोस्टातून वेळ आणून दर सोमवारी मी ते लावतो. बरोबर अर्धा तास पुढे. मुले उशिरा येत असत."

फळ्यावरचे दोन म्हणजे साहेबांच्या घड्याळातले दीड. गावात दुसरे घड्याळ नव्हते. सारे गाव आमच्या घंटेवर चाले, म्हणून फळा कधी चुकला नव्हता. साहेबांनी मनगटाकडे पाहिले, मग पायांकडे.

महिन्याभराने अकरावीची मंजुरी आली. शेरा असा होता : 'विद्यार्थ्यांची निरीक्षणे अचूक. मुख्याध्यापकांनी घड्याळ दुरुस्त करून कळवावे.' मी दुरुस्त करून कळवले. मुले पुन्हा उशिरा येऊ लागली, तेही कळवावे काय, असा प्रश्न पडला. मुलांना मोजायला शिकवण्यापूर्वी त्यांच्या हाती दिलेले माप स्वतः तपासावे, एवढे मी त्यातून शिकलो.

अकरावीत बसलेल्या सुमतीने फळ्याच्या तळाशी एक ओळ तेवढी वाढवली : 'तरी निघण्यापूर्वी बाबीकाकांना विचारावे.' बाबीला वाचता येत नव्हते. धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकाकडून तो ती ओळ मोठ्याने वाचून घेई.